तलवार कुठंय?

गावच्या वस्तुसंग्रहालयात मराठी माणूस शिरला की पहिला प्रश्न ठरलेला : "तलवार कुठंय?" दिसली, तर दुसरा : "कुणाची?" महाराजांची नसेल, तर पाहुणा चहा प्यायला मोकळा.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. अफजलखानाच्या भेटीतली ती हीच, याला पुरावा नाही, असं खुद्द त्या संग्रहालयाचंच म्हणणं. पण दर्शनाला पुराव्याची अट कुठे असते!

आता धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. इथल्या संग्रहालयात तलवारींचा खणखणाट नाही. आहेत मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या आणि मडकी. म्हणजे दुकानदारी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात हे गाव 'तगर' म्हणून येतं. इथलं कापड, अगदी मलमलसुद्धा, गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई, तिथून जहाजानं पश्चिमेला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या नात्यातली शोभावी अशी मूर्ती तेरलाही मिळालीय. पाँपेईची बाई जगभरच्या पुस्तकांत छापून येते. तेरच्या बाईला बघायला शाळेची सहल येते, तीही तुळजापूरहून परतताना वेळ उरला तर.

हा खजिना जमवला तो रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच माणसानं. गावातल्या पांढरीच्या टेकाडांवर इतरांना खापरं दिसत, यांना इतिहास दिसे. पुढे संग्रह सरकारला दिला, संग्रहालयाला त्यांचं नाव लागलं. लढाई न करता, मिरवणूक न काढता इतिहास राखणारा माणूस! अशांचे पुतळे आपण उभारत नाही. घोडा कुठून आणायचा?

बाकी लहान गावांतल्या संग्रहालयांच्या पाट्या हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. 'मातीचे भांडे. इ. स. पू. २ रे ते इ. स. ३ रे शतक.' संपलं. पाचशे वर्षांत त्यात ज्वारी शिजली की तूर, कुंभारानं ते कुणाला विकलं, भांडण झालं तेव्हा कुणी फोडलं, यातलं काही नाही. फोडलं म्हणून तर ते खापर झालं, एवढं तरी लिहा! त्याखाली 'स्पर्श करू नये' मात्र ठळक अक्षरांत.

आणि हे सगळं कुठे, तर कुंभार संत गोरोबाकाकांच्या तेरला. काकांनी म्हणे संतांची डोकी थापटण्यानं ठोकून मडकं कच्चं की पक्कं ते सांगितलं, नामदेवांनाही सोडलं नाही. तलवार विचारणाऱ्यांची रांग पुढे आली असती, तर काकांचा हात दुखून आला असता.