कंटूरराव

अमरावतीत नवा माणूस भेटला की गाव, आडनाव आणि कोणाकडचे जावई, एवढ्या तीन प्रश्नांत ओळख पक्की होते. कंटूरराव चौथी गोष्ट कोणी न विचारता सांगतात. आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर उभे आहोत, ती. राजकमल चौकात ते चहाचा कप हातात घेऊन "इथं 343" म्हणतात, पुढं वडाळी तलावाकडे गेलं की "चढलो बरं का आपण" म्हणून थांबतात. नात्यातल्या एका मुलीसाठी अकोल्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचा पगार सगळ्यांनी विचारला. कंटूररावांनी एवढंच म्हटलं, "मुलगी साठ मीटर खाली जाईल."

हे त्यांचं खरं नाव नव्हे (कंटूर म्हणजे नकाशावरची समान उंचीची रेघ), आणि ते एकटेही नाहीत. पर्यावरण सल्लागाराच्या कोणत्याही कचेरीत डोकावा, नकाशाला नाक लावून बसलेला एक कंटूरराव सापडेलच.

धंदा असा. कोणाला कारखाना टाकायचा असतो, कोणाला वाढवायचा असतो. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेत तो बसत असेल तर पर्यावरणावरच्या परिणामाचा अहवाल आला, आणि अहवालात चिमणीचा धूर कोणत्या गावावर किती उतरेल याचं गणित आलं. ते गणित एअरमॉड नावाचं अमेरिकन मॉडेल करतं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं 2005 च्या अखेरीस ते अधिकृत केलं. त्याला जमीन वाचून दाखवणारा एक जोडीदार आहे, एअरमॅप. आसपासच्या प्रत्येक बिंदूची उंची किती आणि त्या बिंदूवरच्या हवेला वळवू शकेल असा डोंगर किती उंच, हे तो सांगतो. सगळा जीव कंटूररावांनी या जोडीदारावर टाकला आहे. एअरमॉडचं नाव ते थोरल्या जावयासारखं अदबीनं, पण जरा लांबूनच घेतात.

एअरमॅपला जमीन कळते ती उपग्रहांच्या आणि यानांच्या आकड्यांतून. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि जगातल्या जवळजवळ 80 टक्के जमिनीची उंची मोजून आलं. तो साठा फुकट मिळतो, आधी 90 मीटरच्या चौकटींचा, नंतर 30 मीटरच्या. कंटूरराव त्या अकरा दिवसांबद्दल असं बोलतात, जणू ते यान वऱ्हाडासाठीच सुटलं होतं आणि बाकीची पृथ्वी वाटेत लागली. त्यांच्या लेखी वऱ्हाड त्या फेब्रुवारीतच थांबलेलं आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. सगळा जिल्हा पेढे वाटत होता. कंटूरराव म्हणाले, "आपल्या डेममध्ये नाही तो." डेम म्हणजे उंचीचा डिजिटल नकाशा. त्यांच्या तोंडी तो आता घरातल्या माणसासारखा झाला आहे.

या आकड्यांचे तुकडे एक अंश बाय एक अंश असे कापलेले असतात. अकोला मोर्णेनं दुभागलंय, पलीकडं जुनं शहर आणि अलीकडं नवं, हे पोरालाही ठाऊक असतं. पण कंटूररावांच्या मते खरी फाळणी 77 रेखांशानं केली आहे, कारण ती रेघ गावातूनच जाते. म्हणून अकोल्याचं काम आलं की दोन फाइली उतरवून शिवाव्या लागतात. धामणगाव रेल्वेचं तर त्यांनी नावच टाकलं आहे, कारण चांदूर रेल्वेच्या थोडं पलीकडं 78 रेखांश ओलांडला की नकाशाचा पट्टाही, म्हणजे झोनही, 43 चा 44 होतो. "एका तिकिटात दोन झोन," असं ते चिडून म्हणतात. रेल्वेच्या पिवळ्या पाट्यांवर मात्र त्यांची फार श्रद्धा. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, प्रत्येक स्टेशनाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गाडी थांबली की बाकीचे वड्यासाठी उतरतात, हे पाटी वाचायला उतरतात.

एकदा मात्र त्यांच्या कचेरीत वऱ्हाड बुडालं. एका पोरानं स्वदेशीच्या हौसेनं अमेरिकन आकड्यांऐवजी आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहाचा डेम वापरला. त्यात गैर काहीच नाही, तो चांगला आहे. फरक एवढाच की अमेरिकन आकडे समुद्रसपाटीपासून मोजलेले, तर कार्टोसॅटचे पृथ्वीच्या गणिती गोलाकारापासून, आणि आपल्याकडे या दोन पायांमध्ये पन्नास मीटरांहून जास्त अंतर पडतं. पोरानं चिमणीचा पाया जुन्या आकड्यांतून घेतला, गावं नव्यांतून. परिणामी सगळी गावं पन्नास-साठ मीटर खड्ड्यात गेली आणि चिमणी आपोआप तेवढी उंच झाली. धूर डोक्यावरून पार! मालक खूश होता. कंटूररावांना त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल परत मागवला. त्यांची टवाळी करणारे हा प्रसंग कधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगितला.

डोंगराचं त्यांचं ज्ञान खरंखुरं आहे. थंड, स्थिर रात्री हवेच्या अंगात डोंगर चढायचं बळ नसतं. एका उंचीच्या खालची हवा डोंगराला वळसा घालते, वरची ओलांडून जाते. धूर त्या सीमेखाली सापडला तर सरळ उतारावर जाऊन आदळतो. हे त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत भाताच्या मुदीवर समजावून दिलं होतं. मूद म्हणजे गाविलगड, वरण म्हणजे धूर. वरण मुदीच्या दोन्ही अंगांनी कसं गेलं ते अख्ख्या रांगेनं माना वाकवून पाहिलं. वाढप्यानं न विचारता आणखी एक पळी ओतली, तेव्हा कंटूरराव म्हणाले, "हे उत्सर्जन मंजुरीबाहेरचं आहे."

आता अडचण अशी की उत्तरेला सातपुड्याची भिंत आणि अमरावतीला चिकटलेल्या पोहऱ्याच्या टेकड्या सोडल्या तर पूर्णेचं खोरं तव्यासारखं सपाट आहे. पारसच्या औष्णिक केंद्रापासून दहा किलोमीटरच्या वर्तुळात डोंगर शोधायचा म्हटलं तर डोळे दुखतील. तिथं 90 मीटरची चौकट घेतली काय आणि 30 ची घेतली काय, धुराला फारसा फरक पडत नाही. कंटूररावांना पडतो. ते गावांची उंची दोन दशांश स्थळांपर्यंत छापतात. मूळ आकडे अख्ख्या मीटरमध्ये आहेत, आणि 16 मीटरपर्यंत चूक चालेल असं एंडेव्हरच्या मोहिमेचं स्वतःचंच उद्दिष्ट होतं. दशांश आले ते एअरमॅपनं चौकटींच्या मधली उंची अंदाजानं काढली म्हणून.

उरलेल्या गणितात काय जातं ते पाहण्यासारखं आहे. दालमिलच्या बॉयलरचं उत्सर्जन फोनवर ठरतं. "तासाले कोळसा किती लागते?" "लागते तितका लागते, साहेब." मग कंटूरराव गंधकाचा वायू तासाला दहा किलो धरतात. नियमाचं सूत्र आहे, त्या किलोंचा 0.3 घात करून 14 नं गुणायचं; चिमणी 28 मीटर येते. हवेच्या वरच्या थरांचे आकडे नागपूरच्या हवामान-फुग्यावरून घेतात. वाऱ्याचे आकडे जिथलं केंद्र जवळ असेल तिथले. सकाळचा वारा अमरावतीत पोहऱ्याच्या टेकड्यांमुळे कसा वळतो हे मोजायला कोणीच बसलेलं नसतं. उंची तेवढी फुकट आणि तयार मिळते, म्हणून सगळी काटेकोरता तिच्याच वाट्याला येते.

आणि मग जनसुनावणी. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, पडद्यावर कंटूररावांचा रंगीत नकाशा, सातपुडा तांबडा, पूर्णा हिरवी. एक म्हातारे शेतकरी उठले. "साहेब, हिवाळ्यात पहाटे हवा हालत नाही. धूर वावरातच बसून राह्यते, गुरं खोकलतात. तुमच्या नकाशात थो कुठी हाय?"

कंटूरराव दोन मिनिटं डोंगरावर बोलले. सुंदर बोलले. बुवांनी शेवटपर्यंत ऐकलं. "ते ठीक हाय जी. आमच्याकडं डोंगरच नाही ना."

मांडव हसला. पण बुवांनी कळत-नकळत मॉडेलच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. जमीन रात्रभर गार पडते, तिच्यालगतची हवा जड होऊन तिथंच बसते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण येतं आणि वारा थांबतो. वारा थांबलेला तास एअरमॉड मोजतच नाही. तो बाजूला ठेवतो आणि उरलेल्या तासांची सरासरी काढतो. बुवांचा जीव गुदमरतो ते नेमके याच तासांत. हे कंटूररावांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्याचा नकाशा काढता येत नाही.

2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला आणि दर्जा न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला दोघांचीही नावं लागली. लोक रस्त्यांच्या धुळीवर बोलले, जळत्या कचऱ्यावर आणि वाहनांवर बोलले. कंटूररावांनी ती यादी शहरांच्या उंचीनुसार लावून घेतली.

अलीकडं त्यांच्याकडं विद्यापीठातून एमएस्सी झालेली एक मुलगी लागली आहे. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, गच्चीवर वाऱ्याचं एक यंत्र बसवू ना? फार महाग नाही." कंटूररावांना कल्पना मनापासून आवडली. यंत्र आलंसुद्धा. ते दहा मीटर उंचीवर असावं, असा संकेत आहे. मग प्रश्न निघाला, दहा मीटर कुठून? गच्चीपासून की जमिनीपासून, आणि जमीन म्हणजे रस्ता की जोतं? कंटूररावांनी डेम उघडला. त्या चौकटीत शेजारच्या नाट्यगृहाचं छप्पर आणि दोन कडुलिंब मिसळलेले निघाले, कारण रडारला शेंडा दिसतो, बुंधा दिसत नाही. त्यांनी कार्टोसॅट लावून पाहिला. मग बडनेऱ्याच्या पाटीपासून साधी पातळी मोजत यावं, असं ठरलं.

मुलगी म्हणाली, "सर, तोवर यंत्र खाली अंगणात लावू का?"

"अंगणाची उंची काढलीस?"