बेकारीचे नव्वद दिवस

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची 2018ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेलेल्या विमाधारकाला 2020पासून सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम: जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. म्हणजे बेकारीसुद्धा पुरवून पुरवून भोगायची. पण काटोलात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड निघाली की घरी बसलेल्यालाही बागेतून हाक येते. दोन दिवस संत्री तोडली, पेट्या भरल्या. या मजुरीलाही ‘उत्पन्न’ म्हणतात हे संत्र्याला कुठं ठाऊक? पण सरकारी पैसा म्हटला की छाननी आलीच: लाडकी बहीण योजनेच्या छाननीत 2025 साली 2,200हून अधिक सरकारी कर्मचारी सापडले. फॉर्म वाचता येत नाही, ही सबब त्यांना तरी चालायची नाही. तोडणीवाल्यानं मात्र कामाच्या तारखा टिपून ठेवाव्यात, दाव्यात चूक झालीच तर आपणहून लेखी कळवावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.