महाशीतकालाचे मूळ शोधण्याचा विधी

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने सुरू होणाऱ्या कादंबरीमालेचे मूळ नॉर्स पुराणांत, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या ख्रिस्तीकरणापूर्वीच्या देवकथांत, सिद्ध करून दाखवण्याचा उद्योग मे महिन्यात भाजून निघणाऱ्या यवतमाळकडच्या दारव्ह्यात चालावा, यात विसंगती काहीच नाही, बर्फाचा ध्यास उकाड्यातच लागतो. प्रस्तुत विधी तालुक्यातील होतकरू सिद्धांतकारांसाठी आहे.

नियम १. आरंभी पूर्वसूरींचे स्मरण करावे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात नेले, तेव्हा दाखल्यांत नॉर्स देव बाल्डरही आला होता. पारशी धर्मग्रंथ अवेस्तेतील यिम राजाने प्राणघातक हिवाळ्यापूर्वी बांधलेले ‘वर’ नावाचे आश्रयस्थान आणि नॉर्स कथेतील फिम्बुलव्हेत्र, म्हणजे मध्ये उन्हाळा न येता लागोपाठ येणारे तीन हिवाळे, ही जोडी शेजारी मांडली की मार्टिन यांचा वर्षानुवर्षे न सरणारा हिवाळा आपोआप तिसरा भाऊ ठरतो. टिळकांचा निष्कर्ष आज अभ्यासकांना मान्य नाही, हे खुशाल सांगावे. मात्र त्यांनी त्यासाठी वेद, अवेस्ता आणि भूगर्भशास्त्र पालथे घातले होते, हे सांगू नये, कारण मग श्रोते सिद्धांतकाराने काय वाचले ते विचारतात.

नियम २. जुळते ते मोठ्याने सांगावे, न जुळते ते चहाच्या घोटाबरोबर गिळावे. फेन्रिर लांडग्याला बांधता यावे म्हणून टीर देवाने तारण म्हणून त्याच्या जबड्यात हात ठेवला व गमावला. मार्टिन यांच्या जेमी लॅनिस्टरचाही उजवा हात गेला. जेमीच्या प्रसंगात लांडगा कुठे आहे, असे कोणी विचारल्यास कादंबरीतील स्टार्क घराण्याच्या लांडगा मिरवणाऱ्या ध्वजाकडे बोट दाखवून विषय बदलावा.

नियम ३. मूळ ग्रंथ उघडू नये. गद्य एड्डा हा नॉर्स कथांचा मुख्य आधारग्रंथ स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या ख्रिस्ती विद्वानाने इ. स. १२२० च्या सुमारास, म्हणजे त्या बेटाने नवा धर्म स्वीकारल्यानंतर दोन शतकांनी रचला, हे एकदा कळले की ‘अस्सल’ हा शब्द तोंडातून सहज निघत नाही.

नियम ४. लेखकाचे ऐकू नये. मार्टिन यांनी इंग्लंडमधील पंधराव्या शतकातील ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या यादवीचा आणि रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीचा प्रेरणा म्हणून उल्लेख स्वतः केला आहे. ‘द हॉबिट’कार टॉल्कीन यांनी मात्र खुज्यांची नावे ‘व्होलुस्पा’ या प्राचीन काव्यातून घेतली, हे ऋण निर्विवाद आहे. म्हणूनच ते सिद्धांतकाराच्या काही कामाचे नाही.

नियम ५. घरातून ‘थे राहू दे बाप्पा, पहिले कूलरमंदी पानी टाक’ असा आदेश आल्यास देवांचे महायुद्ध तात्पुरते स्थगित करावे.

नियम ६. एक तरी साम्य असे निवडावे की जे खरोखर झोप उडवील. ओडिनने ज्ञानासाठी एक डोळा दिला, तो नऊ रात्री झाडाला टांगून राहिला, दोन कावळे त्याला जगाची वार्ता आणत. आणि मार्टिन यांच्या पाचव्या खंडात झाडाच्या मुळांत गुरफटलेला, एकाच डोळ्याचा, कावळ्यांचा धनी असलेला म्हातारा स्टार्क घराण्यातील ब्रॅन या मुलाला शिकवू लागतो. येथे थट्टा थांबते. हे साम्य चांगले आहे, फारच चांगले आहे, आणि ते प्रथम लक्षात आले की मनुष्याला कोणाला तरी उठवून सांगावेसे वाटते.

नियम ७. वाट पाहता आली पाहिजे. पाचवा खंड २०११ चा, सहावा अजून आलेला नाही. टीव्ही मालिकेने २०१९ मध्ये स्वतःचा शेवट करून टाकला, तो पुष्कळांना रुचला नाही. शकुंतला ही नॅरोगेज रेल्वे बंद पडताना पाहिलेल्या आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजची चर्चा वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या गावाला हा सराव शिकवावा लागत नाही. ‘व्होलुस्पा’त भविष्यवेत्ती ओडिनला रॅग्नारोक, म्हणजे देवांचा विनाश, आणि त्यानंतर समुद्रातून पुन्हा हिरवी होऊन वर येणारी पृथ्वी, असे सारे सांगून टाकते, आपला लेखक शेवट सांगत नाही म्हणून वाचक तो जिथे सांगितलेला आहे तिथून उसना आणतो, आणि सिद्धांत म्हणतात तो एवढाच. सहाव्या खंडाने तो खोटा ठरवला तरी खचू नये. सातवाही यायचाच आहे.