उधारी नाही? मग गडबड आहे!

पुण्यात ज्याने कुणाचा छदामही बुडवला नाही, असा सज्जन अमेरिकेत गाडी घ्यायला गेला की संशयित ठरतो. कधी कर्जच काढलं नाही म्हणजे काय? नक्की काहीतरी लपवतोय! इकडचा झकास सिबिल स्कोअर तिथे रेशनकार्डाइतकाच उपयोगी. तिथल्या फायको स्कोअरची पट्टी ३०० ते ८५०, पण नवख्याच्या नशिबी ३००सुद्धा नाहीत. एखादं उधारीचं खातं सहा महिने जुनं झाल्याशिवाय आकडाच उमटत नाही. मग बँकेत स्वतःचेच ५०० डॉलर अनामत ठेवायचे आणि ५००च्याच मर्यादेचं कार्ड घ्यायचं. त्यातही जाणते कानात सांगतात, ३० टक्क्यांच्या वर वापरू नकोस हं!

शोरूमवाला मात्र दिलदार. गाडीची किंमत, व्याजदर असले रुक्ष विषय तो काढतच नाही. प्रेमाने एवढंच विचारतो, "महिन्याला किती झेपेल?" आणि झेपेपर्यंत हप्ते ताणतो, ७२, नाहीतर ८४ महिने. सदाशिव पेठेतून बाबांचा फोन येतो, "अरे, वर्षभर थांबून रोख का नाही घेतलीस?"

"बाबा, रोख घेऊन स्कोअर कसा वाढणार?"