तळेवाले अप्पा

शनिवारी सकाळी मावळात येणाऱ्या माणसांच्या दोन जाती आहेत. पहिली जात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून कणीस खाते, चिक्कीचे डबे घेते आणि रविवारी रात्री एक्सप्रेसवेवर अडकून पडते. दुसरी जात कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला वळते. हिच्या गाडीत मागच्या सीटवर माणसं बसत नाहीत. तिथे निंबोळी पेंडीचं पोतं असतं, दुरुस्त करून आणलेला (आणि पुढच्या शनिवारी पुन्हा दुरुस्तीला न्यायचा) पंप असतो, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले कसलेतरी कंद असतात. पुढच्या सीटवर बायको आणि तिच्या मांडीवर कुंडी.

हे तळेवाले अप्पा. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ. पवन मावळात दर दोन-चार बंगल्यांआड एक असतातच, आणि नाणे मावळातही त्यांची पैदास चांगली आहे. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी वीस गुंठे घेतले. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, म्हणून कोकणातल्या कुठल्याशा सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव हुडकून काढलं. त्या आजोबांच्या वाटणीला दोन गुंठे वरकस आली होती आणि तिच्यात गवताखेरीज काही उगवलं नव्हतं, पण अप्पा आता स्वतःला परंपरागत शेतकरी म्हणवतात.

मूळ बेत साधा होता. दोन आंबे, एक पारिजातक, एक झोपाळा. काकूंचं आजही म्हणणं आहे की सगळा बिघाड सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात झाला. हे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. तिथल्या पुलावर उभं राहून अप्पांनी खाली फिरणारे केशरी मासे पाहिले आणि म्हणाले, ‘‘एवढंच तर करायचंय.’’ घरी येऊन त्यांनी वाचलं की मूळ कोराकुएनचं काम १६८७ साली सुरू झालं आणि १७०० साली पुरं झालं. म्हणजे तेरा वर्षं. ‘‘आपल्याला तेवढी नाही लागणार,’’ असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी ते वाक्य तारखेसकट लक्षात ठेवलं आहे.

अप्पांना बाग नको होती, ‘ट्रॉपिकल’ बाग हवी होती. हा शब्द उच्चारताना त्यांचे डोळे किंचित मिटतात. हेलिकोनिया, मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, ट्रॅव्हलर्स पाम, नेचे, सोनटक्का. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ते सकाळी दार उघडायला उभे असतात आणि दुपारी टेम्पो ठरवून परततात. ती झाडं लावतात मामा. मामा गावातलेच, वय विचारू नये असं, आणि बागेतलं प्रत्येक झाड त्यांना आधीपासून माहीत असतं. हेलिकोनिया पाहून म्हणाले, ‘‘कर्दळच हाय की.’’ फिलोडेन्ड्रॉन पाहून म्हणाले, ‘‘आळू. ह्याची वडी व्हती का?’’ अप्पांनी लॅटिन नावांच्या पाट्या करून आणल्या. पहिल्याच पावसाने अक्षरं धुऊन नेली आणि मामांची नावं तेवढी उरली.

हवेचं म्हणाल तर मावळ हा लहरी मुलूख आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटर पूर्वेला तळेगावात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. अप्पांचे वीस गुंठे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. त्यामुळे जुलैत झाडांची मुळं कुजतात, डिसेंबरात थंडीने पानांच्या कडा करपतात आणि एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात हेलिकोनियाची पानं फाटून झिरमिळ्या होतात. वर्षातून दीड महिना बाग खरोखर ट्रॉपिकल दिसते. व्हॉट्सॲपवर येतात ते सगळे फोटो याच दीड महिन्यातले.

आता तळं. पहिलं तळं उन्हाळ्यात जेसीबीने काढलं. खाली मुरूम लागला, तेव्हा अप्पा खूश झाले, कारण मुरूम म्हणजे मजबूत. दोन टँकर पाणी ओतलं, फोटो काढला, झोपले. सकाळी खड्डा कोरडा. मुरमात पाणी राहत नाही ही गोष्ट मामांना ठाऊक होती, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगण्याची मावळात पद्धत नाही. मग शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा कागद आला. कडा दगडांनी दाबल्या, पंप बसवला, कुंड्यांतून कमळं सोडली. जूनभर अप्पा त्या तळ्याकडे वडिलांच्या नजरेने पाहत होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. ‘‘अप्पा, तळं वर आलंय.’’

भरलं असेल, असं अप्पांना वाटलं. प्रत्यक्षात तळंच वर आलं होतं. जमिनीतलं पाणी कागदाखाली साठून कागद तव्यावरची भाकरी फुगावी तसा टम्म फुगला होता, मधोमध काळा डोंगर, त्याच्या उतारावर कलंडलेली कमळं आणि कडेला चिंचोळ्या पाण्यात धापा टाकणारे मासे. मामा इरलं पांघरून बांधावर बसले होते. म्हणाले, ‘‘हितं झरा हाय. आमच्या आज्याचं खाचर व्हतं हे. भात लई झ्याक यायचा.’’

अप्पांच्या जागी दुसरा माणूस असता तर त्याने कागद काढून तिथे पुन्हा भात लावला असता. अप्पा वेगळ्या मुशीतले आहेत. झऱ्याच्या पाण्याला वाट हवी, म्हणून त्यांनी खालच्या अंगाला दुसरं तळं काढलं. दुसऱ्याचं पाणी आठवड्यात हिरवंगार झालं, कारण वर सावली नव्हती आणि मासे खातील त्याच्या दुप्पट खाद्य अप्पा टाकत होते. ते हिरवं पाणी उपसून ताजं भरलं की आठ दिवसांत पुन्हा हिरवं. मग गाळण्यासाठी तिसरं तळं, त्यात नुसती लव्हाळी आणि वाळा. पाणी या तळ्यातून फिरून स्वच्छ होतं आणि दुसऱ्यात पडतं. ही युक्ती मात्र चालली, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्यातून दुसऱ्यात पडताना धबधबा करावा म्हणून चौथं. या चौथ्याचं कारण अप्पा ‘हायड्रॉलिक’ असं देतात. काकू त्याला हौस म्हणतात.

कुणी आक्षेप घेतलाच तर अप्पा इतिहासात शिरतात. त्यांच्या मते या तालुक्यात जो आला त्याने पाणी अडवलं. भाज्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी कातळात टाकी खोदली. लोहगडावर नाना फडणवीसांच्या नावाने ओळखलं जाणारं सोळाकोनी तळं आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली आणि तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वेने भुशीला बंधारा घातला. टाटांनी वळवणला, लोणावळ्याला पाणी अडवून ते घाटाखाली सोडलं आणि १९१५ साली खोपोलीत वीज केली. मग पवनेचं धरण. ‘‘आणि आता आपण,’’ असं म्हणून अप्पा चौथ्या तळ्याकडे हात करतात. ही यादी मामांनी कितीदा तरी ऐकली आहे. एकदाच बोलले. ‘‘टाटाचं पानी खोपोलीला ग्येलं. तुमचं माझ्या खाचरात येतंय.’’

येतं ते पाणी एकटं येत नाही. पहिल्या मोठ्या पावसात तळी भरून वाहिली आणि अप्पांचे कोई मासे खाचरात उतरले. पावसाच्या सुरुवातीला ओढ्याने वर चढणारे चढणीचे मासे धरायची गावाला सवय. उतरणीचे मासे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, तेही केशरी. उरलेल्यांपैकी काही खंड्याने नेले, काही ढोकरीने. ढोकरी तासन्‌तास काठावर मान आखडून उभी राहते आणि अप्पा तिचे फोटो काढतात. तिच्या चोचीत अडीचशे रुपये आहेत हे काकू त्यांना फोटो काढून झाल्यावर सांगतात. शेवटी टिकले ते डासांच्या अळ्या खायला आरोग्य केंद्रातून फुकट आणलेले गप्पी मासे. त्यांची प्रजा आता हजारोंत आहे.

जलपर्णीचं प्रकरण अप्पांनी स्वतःच ओढवून घेतलं. जांभळी फुलं पाहून भुलले आणि नर्सरीतून तीन रोपं पैसे देऊन आणली. हीच पवना नदी खाली पिंपरी-चिंचवडात पोचते तेव्हा ही दक्षिण अमेरिकेची पाहुणी काढण्यासाठी महापालिका दरवर्षी ठेके देते. अप्पांची तीन रोपं गणपतीत तीस झाली आणि दिवाळीत पाणी दिसेना. तेव्हापासून दर शनिवारची सकाळ जलपर्णी ओढण्यात जाते. ती कंपोस्टच्या खड्ड्यात पडते, खत उत्तम होतं, आणि इतकं होतं की ते घालायला जागा हवी म्हणून अप्पांनी शेजारचे आठ गुंठे बोलीत घेतले आहेत.

कमळाचा मात्र मान राखला पाहिजे. अप्पांनी आधी कमळासाठी खास माती मागवली होती, पिशवीवर परदेशी बाईचा फोटो असलेली. वर्षभर नुसती पानं. मामांनी न विचारता (हा अपवादच) खाचरातला चिकट चिखल दोन घमेली आणून कुंडीत भरला, कुंडी सावलीतून ओढून उन्हात ठेवली आणि पुढच्या मोसमात कमळ उमललं. पाहुणे आले की अप्पा समजावून सांगतात: पाण्याला टेकलेलं पान ते कुमुदिनीचं, पाण्यावर हातभर उचललेलं ते कमळाचं. घमेल्यांचा उल्लेख होत नाही.

मावळात खरे फुलवाले वेगळेच आहेत. तळेगाव, पवनानगरच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकवणारे शेतकरी जानेवारी अखेरीला रात्रंदिवस तोडणी करतात, कारण चौदा फेब्रुवारीला ती फुलं परदेशात पोचायची असतात. त्यांच्याबद्दल अप्पांचं मत चांगलं आहे, पण ‘‘एकाच जातीची झाडं म्हणजे बाग नव्हे’’ असं ते म्हणतात. त्या शेतकऱ्यांचं अप्पांबद्दल काय मत आहे ते मी विचारलं होतं. ते इथे छापता येण्यासारखं नाही.

अप्पांच्या पहिल्या तळ्याकाठी एक दगडी बाक आहे. संध्याकाळी चहा घेऊन तिथे बसावं, म्हणून तो बांधला. त्यावर सध्या पाइपाची वेटोळी, एक जुना पंप आणि कात्री असते. बसलेले अप्पा कुणी पाहिलेले नाहीत. ते कायम वाकलेले तरी असतात किंवा दोरी धरून उभे तरी, आणि दोरीचं दुसरं टोक मामांच्या हातात असतं. बाग पुरी झाली का, असं त्यांना विचारू नये. तो प्रश्न त्यांना प्रकृतीची चौकशी केल्यासारखा लागतो. जपानी बागेची तेरा वर्षं केव्हाच उलटली, पाचव्या तळ्याची फक्की मारून झाली आहे. बेडकांचं काम तेवढं पुरं झालं आहे. जूनमधल्या रात्री ते असे ओरडतात की मुक्कामाला आलेले पाहुणे दोन वाजता गाडी काढून पुण्याला परततात. अप्पांच्या मते हे बागेच्या आरोग्याचं लक्षण.

आज ना उद्या तुम्हालाही अप्पांकडचं बोलावणं येईल. जरूर जा. काकूंच्या हातचा इंद्रायणी तांदळाचा भात आणि अळूचं फदफदं सोडण्यासारखं नाही, तळी खरोखर सुंदर आहेत आणि मामांशी गप्पा मारल्याशिवाय परतू नका. मात्र गाडी फाटकाबाहेर लावा आणि डिकी घरूनच भरून न्या, कारण रिकामी डिकी दिसली की तिच्यात हेलिकोनियाचे गड्डे आणि बादलीभर गप्पी चढलेच म्हणून समजा. आणि जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता, ‘‘तुमच्या गच्चीवर एखादा जुना टब पडलाय का हो?’’ असं अप्पांनी सहज विचारलं, तर नाही म्हणून सांगा.