चांदणीला पाटी नसते

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात जॉर्ज व्हँडरबिल्ट या धनिकाने 250 खोल्यांचा ‘बिल्टमोर’ प्रासाद बांधून 1895च्या नाताळच्या पूर्वसंध्येला तो पाहुण्यांसाठी खुला केला, आणि तेथील भोजनगृहात उभा राहणारा सुमारे 35 फुटी वृक्ष आजही सजावटीचा आदर्श मानला जातो. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे इंग्रजांनी वसवलेल्या लष्करी छावणीत, ही प्रेरणा कौलांना अडून व्हरांड्यातच थांबते. तेथे आकाशकंदील उतरवलेल्या खिळ्यालाच, त्याच टेप गुंडाळलेल्या वायरवर, कागदी चांदणी टांगली जाते. नामफलकांवर 60 टक्के कन्नड असावे असा दंडक कर्नाटकाने 2024 साली घातला असला, तरी चांदणीवर अक्षरच नसल्याने ती तूर्त निर्दोष ठरते. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री येथे ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा पेंढा भरलेला म्हातारा, रीतीप्रमाणे जाळला जातो. 1956च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव-निपाणीत मुक्कामाला असलेला सीमावाद मात्र त्या आगीवर हात शेकून, वर्षाने आणखी वडीलधारा होऊन, सुखरूप घरी परततो.