नकार कसा पचवावा : किरकोळ परीक्षकांसाठी पथ्यपाणी

प्रस्तुत मार्गदर्शिका मिक्सर, कुकर, इस्त्री इत्यादी गृहोपयोगी वस्तूंची मराठीतून परीक्षणं करणाऱ्या, परंतु ज्यांना आजवर कोणत्याही कंपनीने साधी किसणीही पाठवलेली नाही, अशा परीक्षकांसाठी आहे. ज्यांच्या दारात रोज खोकी येऊन पडतात त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना वेळही नसेल. खोकी फोडायची असतील.

पूर्वतयारी. नकार मिळवायचा तर आधी काहीतरी मागावं लागतं. कंपनीचा ईमेल शोधून त्यावर पत्र धाडावं. पत्रात स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करावा. त्यामुळे आपल्यामागे ऑफिस आहे, दोन-तीन मुलं कामाला आहेत, असा भास होतो. आमच्या ‘आम्ही’त मी आहे, आणि ‘ओटा कधी रिकामा होणार’ असं विचारणारी बायको आहे.

यानंतर नकार येतो. त्याचे प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला, मौन नकार. उत्तरच येत नाही. पंधरा दिवसांनी एकदा आठवण करून द्यावी. पुन्हा करू नये; तिथून पुढे आपण परीक्षक राहत नाही, वसुलीवाले होतो.

दुसरा, मधुर नकार. हा कंपनी स्वतः देत नाही. त्यासाठी तिने एक एजन्सी नेमलेली असते आणि एजन्सीने एक मुलगा नेमलेला असतो. तो ‘हाय डिअर’ने सुरुवात करतो. मी त्याच्या काकाच्या वयाचा आहे, पण डिअर. आपलं काम त्याला फार आवडलेलं असतं. हे काम म्हणजे त्याच कंपनीच्या मिक्सरचं झाकण कसं गळतं याचं सविस्तर परीक्षण, हे त्याला ठाऊक नसतं. सध्या बजेट नाही, पण तो आपल्याला लूपमध्ये ठेवणार असतो. त्या लूपमध्ये आतापर्यंत निम्मा महाराष्ट्र असावा. सणासुदीच्या आधी आपण आशेने पुन्हा लिहावं, तर तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. त्याच्या जागी आलेली मुलगी विचारते, आपण कोण? म्हणजे नकार पुन्हा पहिल्यापासून, कोरा करकरीत. खरं सांगायचं तर या पोरांचा मला राग येत नाही. शनिवारी रात्री अकरा वाजता मेल करतात बिचारी. जेवली असतील की नाही कोण जाणे.

तिसरा, भाषिक नकार. ‘सर, हिंदीत कराल का? महाराष्ट्र आम्ही हिंदीतच कव्हर करतो.’ इथे संयम राखावा. मला तो राखता येत नाही. हिंदीतही करीन हो, पण शेंगदाण्याच्या कुटाचं काय? कंपनीच्या पुस्तिकेत मिक्सरची परीक्षा म्हणजे स्मूदी, मिल्कशेक, फार तर इडलीचं पीठ. माझ्या वाचकाच्या घरी मिक्सर पास होतो तो कुटावर. दाणे भाजून, सालं काढून, पूर्ण गार झालेले हवेत. जार अर्ध्यापेक्षा कमी भरायचा. बटण एक-दोन-तीनकडे न्यायचंच नाही, उलट्या बाजूला पल्सवर न्यायचं. दोन सेकंद फिरवायचं, सोडायचं, जार हलवायचा, पुन्हा दोन सेकंद. सलग फिरवलं की खाली पात्याशी तेल सुटून लगदा होतो आणि वर अख्खे दाणे तसेच नाचत राहतात. साडेसातशे वॅटचा, हळकुंडाचं पीठ पाडणारा गडी इथे सपशेल आपटलेला मी पाहिला आहे, आणि पाचशे वॅटच्या साध्या यंत्राने खिचडीजोगं सुरेख भरड कूट दिलेलंही. हे एजन्सीला कळवलं. उत्तर आलं : ‘नोटेड, डिअर.’

चौथा, फॉलोअर्स कमी असल्याचा नकार. यावर औषध नाही.

पाचव्या प्रकाराला नकार म्हणावं की होकार, याविषयी मतभेद आहेत. यात पैसे मिळत नाहीत, वस्तू मात्र ठेवून घ्यायला सांगतात. अशा वेळी कायद्याचा आधार घेऊन अब्रू राखावी. प्राप्तिकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून १९४ आर हे कलम लागू झालं. धंद्यापायी कोणाला वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर वस्तुरूपाने लाभ दिला, तर देणाऱ्याने १० टक्के कर कापावा, असं ते सांगत होतं. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नाही, असा खुलासाही तेव्हाच आला. बाकीचे लोक या कलमाला घाबरत. मी ते वाचलं आणि माझ्या जीवनाला ध्येय मिळालं. आपल्यावर कर कापावा लागेल एवढी भांडी एखाद्या कंपनीने आपल्याकडे पाठवावीत! त्या २०,०००च्या दिशेने माझी आजवरची वाटचाल म्हणजे सिलिकॉनचा एक चमचा. तोही नमुन्यादाखल.

शिवाय जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शन काढलं : वस्तू फुकट मिळाली असेल, तर तसं ठळक आणि सोप्या भाषेत सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. या बाबतीत माझं चारित्र्य निष्कलंक आहे. ते तसं कोणामुळे राहिलं, हे वर आलंच आहे.

काही नकार मात्र दागिन्यासारखे मिरवावेत. घरगुती प्रेशर कुकरला फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याच्या मानकाचा क्रमांक आयएस २३४७. एका विक्रेत्याला मी नम्रपणे विचारलं, तुमच्या कुकरवर ते कुठे आहे? तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. हा नकार मी पाहुण्यांना चहाबरोबर सांगतो.

आता सर्वांत अवघड प्रकार, घरचा नकार. आमचे भाऊजी नवा मिक्सर घ्यायचा म्हणून रात्री फोन करतात. मी जीव तोडून सांगतो. तळाशी ‘३० मिनिटं’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सलग अर्धा तास नव्हे. पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा. वॅट मोजू नका, जारच्या झाकणाचं रबर सुटं मिळतं का ते विचारा. घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला साधं गिऱ्हाईक म्हणून फोन करा. तिथे फोन उचलला गेला, तरच पैसे मोजा. भाऊजी ‘हं, हं’ करतात. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणेल तो घेऊन येतात, कारण त्याच्यावर तवा फुकट असतो. पुढे पुरण वाटताना तो बंद पडतो, तेव्हा पुन्हा फोन मला. मी सांगतो, प्लग काढा, थोडा वेळ थंड होऊ द्या, उलटा करा, तळाचं लाल बटण दाबा. मिक्सर सुरू होतो. भाऊजींच्या मते मला मिक्सरमधलं कळतं, फक्त घेण्यातलं कळत नाही.

तरी त्यांचाच फोन येतो, एजन्सीचा येत नाही, हेही नमूद करायला हवं.

उपाय म्हणाल तर जुनाच आहे. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून चाललं आहे. ते वस्तू बाजारातून रोख विकत घेऊन तपासतं आणि जाहिराती छापत नाही. मुंबईत १९६६ साली नऊ गृहिणींनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ काढली, तीही कंपन्यांकडून खोकी येण्याची वाट न पाहता. अशांना कोणी नकार देऊच शकत नाही, कारण ते कोणाकडे मागत नाहीत. तत्त्व मला पूर्ण पटलेलं आहे. फक्त दर महिन्याला नवा मिक्सर घ्यायचा प्रस्ताव घरात मांडला, तेव्हा मिळालेल्या नकाराचा वरील वर्गीकरणात समावेश केलेला नाही.

म्हणून वाचकांनाच विनंती करतो. नवं यंत्र सगळेच तपासतात. मला चार-पाच वर्षं वापरलेला मिक्सर हवा आहे, कपलर झिजलेला असला तरी चालेल. कोणाकडे असेल तर पंधरा दिवस उसना द्यावा. न्यायला मी स्वतः येईन. परत करताना जार धुऊन, झाकणासकट देईन. कूट झालंच तर तेही.